गर्दीत देव भेटत नाही म्हणे!

‘गर्दीत देव भेटत नाही’ हे वाक्य अलीकडे आमच्या धर्मग्रामांतून फार ऐकू येऊ लागले आहे. ते उच्चारणारे बहुधा शिकलेले, सुस्थितीतले आणि मनापासून श्रद्धाळू असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे अगत्याचे वाटते. माउंट मेरीची जत्रा आली की ते म्हणतात, सण उरकल्यावर एखाद्या सोमवारी निवांत जाऊ. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे अठरावे प्रदर्शन झाले, तेव्हा तर ‘टीव्हीवर अधिक चांगले दिसते’ असेही आमच्या कानांवर आले.

या मंडळींच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार आम्हीच हजर करतो. निस्साचे संत ग्रेगरी चौथ्या शतकात येरुशलेमला जाऊन आले आणि जागा बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. पण पत्रातला प्रश्न संन्याशांनी यात्रा केलीच पाहिजे काय, एवढाच होता. घरसंसार, कर्ज, आजार यांत गुरफटलेल्या माणसाने यात्रेला जाऊ नये, असे त्यांनी म्हटलेले नाही. आणि गर्दी टाळून जावे, असे तर नाहीच नाही!

गर्दी निष्पाप असते, असे आम्ही मानत नाही. त्याच शतकात येरुशलेमला गेलेल्या एजेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे की, पवित्र क्रुसाच्या लाकडाचे चुंबन घेताना कोणी तरी त्याचा तुकडा चावून पळवला होता, म्हणून डीकन तेथे पहारा देत. १५५४ साली झेवियर यांचे शव गोव्यात आल्यावर एका पोर्तुगीज बाईने चुंबनाच्या मिषाने पायाचे बोट तोडून नेल्याची कथाही सांगतात. (तिला दंतकथा म्हणावे, तर ती अगदी शब्दशः!) चेंगराचेंगरीचे भय खरे आहे, आणि व्यवस्था चोख हवीच. तिच्यात आता डोक्यांवर उंचावलेल्या मोबाइलची भर पडली आहे.

पण शुभवर्तमान उघडून पाहावे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री प्रभूच्या वस्त्राला शिवली ती एकांतात नव्हे. माणसे चोहीकडून रेटत असता ती मागून आली, आणि तेवढ्या धक्काबुक्कीत तिचा एकटीचा स्पर्श प्रभूला वेगळा कळला. आंधळ्या बार्तीमयाला मात्र त्याच प्रभूमागे चालणाऱ्या गर्दीने गप्प राहा म्हणून दटावले. दोन्ही गर्द्या भाविकांच्याच होत्या. प्रश्न आहे तो त्यांत आपण कोण होतो, याचा.

आम्ही कोण होतो, ते सांगायला हवे. गेल्या प्रदर्शनाच्या वेळी, डिसेंबरात, आमच्या धर्मग्रामाची बस जुन्या गोव्याला पोहोचली तेव्हा ऊन चढले होते आणि मंडपातली रांग वळणामागून वळणे घेत होती. आमच्यातील एकाची तेथील कोणाशी तरी ओळख निघाली आणि आम्ही सहा-सात धडधाकट माणसे बाजूच्या फाटकातून आत गेलो. बसमधली उरलेली माणसे उन्हात राहिली. त्यांत सत्तरी उलटलेल्या बायका होत्या. से कॅथेड्रलमध्ये आमच्यासाठी मुख्य रांग क्षणभर थोपवण्यात आली. जो निवांतपणा हवा म्हणतात, तो आम्हाला मिळाला. धक्का नाही, घाम नाही. काचेच्या पेटीसमोर उभे असताना आमच्या मनात एकच विचार होता : आपल्याला गावच्या कोणी पाहिले तर नाही ना?

तीन तासांनी बाकीचे बाहेर आले. त्यांतल्या एका आजींना आम्ही विचारले, ‘दर्शन कसे झाले?’ त्या म्हणाल्या, ‘नीट दिसलं नाही रे, पुढच्याचं डोकं आडवं आलं.’ आणि लगेच रांगेतल्या एका तमिळ कुटुंबाची हकिगत सांगू लागल्या. भाषा एकमेकांची येत नव्हती. तरी जपमाळ दोघांनी मिळून केली, अर्धी ‘नमो मरिये’ त्यांच्या भाषेत, अर्धी आपल्या. त्या आईने सदरा वर करून मुलाच्या छातीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण आजींना दाखवला. मुलाचे नाव आजींना धड उच्चारता येत नाही, पण परतीच्या वाटेवर त्याच्यासाठी बसमध्ये जपमाळ झाली ती त्यांच्याच सांगण्यावरून.

पंढरीची वाट चाललेले कितीतरी वारकरी केवळ कळसाला हात जोडून परततात. त्यांची वारी फुकट गेली, असे कोणी म्हणत नाही. वाटेत ते एकमेकांच्या पायांना हात लावतात, तेव्हाच अर्धे दर्शन झालेले असते. हे आमच्या शेजारच्या माणसाला कळते. आम्हाला का कळू नये?

आणि ज्यांच्या दर्शनाला जायचे, ते संत कोण? मे १५४२ मध्ये गोव्यात उतरल्यावर हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून मुले गोळा करीत हिंडणारे. बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकून जातात, असे १५४४ च्या पत्रात लिहिणारे. त्यांच्या उजव्या हाताचा भाग १६१४ साली रोमला नेण्यात आला. एकांत त्यांच्या वाट्याला आला तो ३ डिसेंबर १५५२ रोजी, शांगच्वान बेटावरच्या झोपडीत, चीनचा किनारा समोर आणि जवळ जेमतेम एक चिनी सोबती असताना. तो त्यांनी मागितलेला नव्हता.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. आजारी, अपंग, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी बाजूचे फाटक अवश्य असावे, आणि आजवर होते त्याहून रुंद असावे. ओळखीपाळखीच्या, देणगीदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या तोंडावर ते बंद व्हावे. धर्मगुरूंनी त्यासाठी चिठ्ठ्या देऊ नयेत. आम्ही मागितल्या तरी देऊ नयेत. आणि धर्मग्रामाच्या बसमधून निघालेल्यांनी एकाच रांगेत उभे राहावे. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी खुशाल टीव्ही पाहावा.

दहा वर्षांच्या परिपाठाप्रमाणे पुढचे प्रदर्शन २०३४ च्या अखेरीस यावे. बसची यादी कोण करणार, ते ठाऊक नाही. आमचे नाव रांगेत घालावे, आजींच्या मागे.