इंजिन उघडण्यापूर्वी

कला शाखेच्या मुलीने विजेवर लिहावे हे काहींना रुचणार नाही. पण आमच्या मुळशी खोऱ्याचे विजेशी नाते जुने आहे. धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाते आणि तिथे त्याची वीज होते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्यात पुढे होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. माझा विषय मात्र फार लहान, हाताच्या पंजात मावणारे एक रेल्वे इंजिन.

माझे मामा रेल्वेत वायरमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी मालेच्या घरात, पडवीत, मोठी फळी टाकून तिच्यावर पितळी रुळांचे वर्तुळ मांडले. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान अशी ही गाडी. रुळांत १२ व्होल्टचा प्रवाह. एका बाजूची चाके तो घेतात, दुसऱ्या बाजूची परत देतात. चाकांना टेकलेल्या तांब्याच्या पट्ट्यांतून तो कार्बनच्या ब्रशांपर्यंत पोचतो आणि मोटर फिरते. तारा उलट जोडल्या की गाडी मागे धावते. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात असा केवढा तरी संसार आहे. आमचा एका फळीपुरता.

गेल्या पावसाळ्यात गाडी पलीकडच्या वळणावर थांबू लागली. काचबिंदूमुळे मामांना आता दिसत नाही, म्हणून दुरुस्ती माझ्याकडे आली. वळणावर मीटर लावला, तर पुरते बारा व्होल्ट. रुळांत वीज आहे, अर्थात दोष इंजिनात, असा निवाडा करून मी स्क्रू काढले. ब्रशामागची स्प्रिंग टुणकन उडाली ती आजतागायत सापडलेली नाही.

मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अगं, वळणावरच थांबत होती ना? मग इंजिनानं काय केलं होतं? मीटरवर ओझं कसलं? त्याला प्रवाह लागतो नखाएवढा. दिवा लावून बघ."

स्कूटरच्या इंडिकेटरचा दिवा आणला. रुळांना तारा जोडल्या होत्या तिथे तो लख्ख पेटला. वळणावर त्याची तार नुसती लालसर झाली. तो तसाच जोडलेला ठेवून मामांनी रुळांचे सांधे एकेक करून बोटांनी चाचपले. एक सांधा गरम लागला. ओलीने तो आतून काळा पडला होता. त्याच्यावरून तारेचा तुकडा डाग देऊन जोडला आणि वळणावरही दिवा लख्ख झाला. पण तोवर, धड असलेले इंजिन मी मोडून बसले होते!

हे इथे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली माझी वर्गमैत्रीण दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसू शकली नाही. हजेरी कमी भरली. तिला समज दिली गेली, वडिलांना बोलावले गेले. अभ्यासात लक्ष नाही, लग्नाचे चालले असेल, असे आम्ही मैत्रिणींनीही ठरवून टाकले. मीही त्यात होते. जुलै ते सप्टेंबर सकाळची गाडी वाडीपर्यंत चढतच नाही. ही मुलगी मालेपर्यंत पावसात चालत येऊन पुढची गाडी पकडते आणि तोवर पहिले दोन तास झालेले असतात, हे कोणी विचारलेच नाही. वेळापत्रकात गाडी आहेच ना! मीटरवरही बारा व्होल्ट होतेच.

प्राध्यापकांविषयी मला आदर आहे आणि हजेरीचा नियम असू नये असेही मी म्हणत नाही. माझी सूचना साधी आहे. जुलैच्या एखाद्या धो धो पावसाच्या दिवशी एक प्राध्यापक आणि एक वर्गप्रतिनिधी यांनी वाडीतून मालेपर्यंत चालावे, मिळेल त्या गाडीने कॉलेजात यावे आणि किती वाजता पोचलो ते नोटीस बोर्डावर लावावे. हजेरीची यादी त्यानंतर लावावी. मलाही बोलावल्यास मी येईन. छत्री मात्र आपापली आणावी.

मैत्रिणीला येत्या जूनमध्ये पुन्हा नाव घालायचे आहे. इंजिन अजून फडक्यात बांधलेले आहे. तेवढी बारीक स्प्रिंग पुण्यात कुठे मिळते हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे.