भागीदारीचा करार पक्का, निकाहनामा मात्र कोरा

माटुंग्याच्या बाजारात दोघांनी मिळून दुकान काढायचे ठरविले की पहिली फेरी वकिलाकडे होते. भांडवल कोणाचे किती, नफा-तोटा कसा वाटायचा, एखादा भागीदार वारला तर पेढीचे काय, हे सारे स्टॅम्पपेपरवर येते. भागीदार सख्खे भाऊ असले तरी त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. त्याच घरात निकाह ठरला की हॉल, दावत आणि दागिन्यांचा हिशेब पै-पैचा होतो. मेहरचा रकाना मात्र काझीसाहेबांनी विचारल्यावर घाईघाईत भरला जातो.

विवाहापूर्वीचा आर्थिक करार ही पाश्चात्त्यांची चाल आहे, असे म्हणून आपण तो विषय झटकतो. वास्तविक निकाह हा मुळातच करार आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. आपल्याकडे तसे नाही. शरियतप्रमाणे पतीचे ते पतीचे आणि पत्नीचे ते पत्नीचे. म्हणूनच कोणाचे काय, हे लिहून ठेवण्याची गरज आपल्याला अधिक आहे.

मेहर हे पतीच्या डोक्यावरचे कर्ज आहे. पती वारला तर वाटणीपूर्वी इतर कर्जांबरोबर तेही फेडावे लागते. त्यानंतर बेवेला वारसाहक्काने मिळतो तो मुले असल्यास आठवा आणि नसल्यास चौथा हिस्सा. मग मेहर पाच-सातशे रुपये लिहिण्यात कोणती सादगी आहे? कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखापढीविषयीच आहे. व्यापाऱ्यांनी तरी ती विसरू नये.

खरी अडचण दुकानात येते. मंदीच्या काळात बायकोचे सोने मोडून माल भरला जातो आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. जुन्या इमारतीतील गाळा पागडीचा असतो, पावती एकट्या नवऱ्याच्या नावावर असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर धंद्याच्या जागेचा हक्क आधी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसा कोणी नसेल तर वारसाकडे. म्हणजे जिच्या दागिन्यांवर गाळा तरला, ती घरी बसलेली असल्यास मागे पडू शकते. नाते गोड असताना हे कोणी बोलत नाही आणि मयतानंतर बोलणे कोणी ऐकत नाही.

म्हणून आमचे व्यापारी बंधूंना सांगणे आहे की मेहर सोन्या-चांदीच्या वजनात लिहावा. रुपयाची किंमत वीस वर्षांत काय होते हे त्यांना सांगायला नको. मेहर तात्काळ द्यायचा की मुदतीने, हे साध्या मराठीत लिहावे, कारण ‘मुअज्जल’ हा शब्द दोन्हींसाठी जवळजवळ सारखाच उच्चारला जातो. बायकोचे सोने धंद्यात घेतले तर ते कर्जे-हसना आहे की भागीदारी, याचा कागद करावा. मेहरच्या बदल्यात घर दिले तर नुसत्या तोंडी हिब्यावर न राहता दस्त नोंदवून घ्यावा. ज्यांचे निकाह झाले आहेत त्यांनाही उशीर झालेला नाही; निकाहनंतर पतीला मेहर वाढविता येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पुढे कधी वेगळे झालो तर अमुक रक्कम, असा करार पती-पत्नीने आधीच करून ठेवला तर तो टिकेलच असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ सालीच असा एक करार सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरविला होता. तेव्हा तलाकची किंमत ठरवू नये, संसाराचा हिशेब लिहावा.

काही बुजुर्ग म्हणतील की कागदाने प्रेम आटते. भावा-भावांच्या पेढ्या कागदामुळे मोडल्याचे आम्ही पाहिले नाही. कागद नसल्यामुळे मोडलेल्या पुष्कळ पाहिल्या. निकाहच्या चार दिवस आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून हे रकाने भरावेत आणि मुलीलाही ते वाचायला द्यावेत. सही तिचीही असते.