घाबरट पहारेकरी

मुलांनो, आज आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे. शेजारची म्हणाली, "बाई, मलापण होईल!" आणि मी काय केलं? तिला वेगळ्या बाकावर बसवलं! दुसऱ्या दिवशी तिचे वडील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. 'सोरायसिस. संसर्गजन्य नाही.'

मग हे आहे तरी काय? आपला प्रतापगड डोळ्यांपुढे आणा. बुरुजावर पहारेकरी आहे. शत्रू दिसला की त्याने हाळी द्यायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. सोरायसिसमध्ये त्यांतल्या टी-पेशी शत्रू नसतानाच हाळी देत सुटतात. ती ऐकून गडावरचे गवंडी घाईघाईने तट चढवू लागतात! एरवी त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. इथे ती काही दिवसांतच वर येते. जुन्या गळण्याआधी नव्या हजर, म्हणून थर साचतो. जंतूच नाही, तर दुसऱ्याला होणार कसं?

पूर्वी हा नुसता कातडीचा आजार समजत. १९७९ मध्ये सांध्यांच्या आजारासाठी काही रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं गेलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर शरीराने ते नाकारू नये, म्हणून पहारेकऱ्यांना गप्प करणारं हे औषध. गंमत म्हणजे, त्या रुग्णांचे चट्टेच निवळले! मग संशयाची सुई पहारेकऱ्यांकडे वळली.

आज मलमं आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे अतिनील किरण आहेत, गोळ्या आहेत. ठरावीक हाळीच तेवढी अडवणारी इंजेक्शनंही आहेत. पण पहारा ढिला पडला तर खरा शत्रू शिरेल ना? म्हणून ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आजार ताब्यात राहतो, मुळापासून जात नाही. (पालकांनो, 'कायमचा बरा करतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.)

चिठ्ठी वाचली त्याच दिवशी मी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि तिला पहिल्या जागी बसवलं. शेजारणीने हळूच मला विचारलं, "बाई, तिला खाजतं का हो?"

"तिलाच विचार की."

तिने विचारलं.

"थंडीत जास्त खाजतं," ती म्हणाली आणि दप्तरातून व्हॅसलीनची डबी काढून दाखवली. महाबळेश्वरची थंडी ती! शेजारणीने आपले फुटलेले ओठ पुढे केले.