गिर्येची गोदी गाळात जाऊ देऊ नका

नंदुरबारला समुद्र नाही, पण आमच्या तळोद्याचा लाकूडबाजार एकेकाळी साऱ्या खानदेशात नावाजलेला होता. लाकूड कशानं कुजतं आणि कशानं टिकतं, हे इथं सांगावं लागत नाही. कधी ओलं, कधी कोरडं राहिलं की ते जातं. हवा न लागता गाळात गाडलं गेलं तर शतकानुशतकं राहतं. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका 1628 मध्ये बुडाली आणि 1961 मध्ये जवळपास अख्खी वर निघाली.

म्हणून कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्याकडे, त्याच्या पाण्यातल्या गाळाकडे डोळे लागतात. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी किल्ल्यावर तोफा डागल्या. किल्ल्याच्या आडोशाला मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार उभं होतं, गलबतं एकमेकांना बांधलेली. एका जहाजानं पेट घेतला आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, हे शल्य वेगळंच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना इथल्या पाण्यात दगडी नांगर सापडले आहेत.

तिथून जवळच, वाघोटण खाडीकाठी, गिर्येची गोदी आहे. सुमारे 110 मीटर लांब, 70 मीटर रुंद. काही भाग कातळ फोडून काढलेला, काही चुन्याशिवाय दगडावर दगड रचून बांधलेला. आज तिथं गाळ साचला आहे. मराठ्यांच्या आरमाराबद्दल आपण भाषणं पुष्कळ ऐकतो. ते आरमार जिथं डागडुजीला यायचं ती जागा किती जणांनी पाहिली असेल?

जुलै 2025 मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तो मान या गोदीपर्यंत पोचला पाहिजे. आपल्या हातून आधीच एक मोठी चूक झाली आहे. 1971 च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत वर्षानुवर्षं उभी होती. काही वर्षं ती संग्रहालय म्हणून खुलीही होती, पण ते टिकवलं गेलं नाही आणि 2014 मध्ये ती भंगारात निघाली. उलट मुंबईत वाडियांनी 1817 मध्ये बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. आपल्या कारागिरांचं काम परक्यांनी जपलं!

राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयानं गोदीची मोजणी करून तिला संरक्षण द्यावं, खाडीच्या तळाची यंत्रानं पाहणी व्हावी, आणि तोवर तिथं रेतीउपसा किंवा बांधकाम होऊ नये. पाहायला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती: फळी, खिळा, दगड काहीही दिसलं तरी उकरू नका, घरी आणू नका. गाळातून निघालेलं लाकूड उन्हात तडकतं, मग ते कुणालाच वाचवता येत नाही. फोटो काढा, जागा नोंदवा, ग्रामपंचायतीला कळवा. आणि समुद्र आपला नाही म्हणून गप्प बसू नका; आपल्या आमदाराला, पुरातत्त्व संचालनालयाला याच आठवड्यात पत्र लिहा.