डबा तासभर विसरू नका

५०० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर रोडिनल डेव्हलपर घ्या, मिनिटभर फिल्मचा डबा हलवा आणि तासभर विसरून जा. तापमान, वेळ, एक्स्पोजर सगळं आपोआप जुळतं, असं हल्ली कृष्णधवल रोल धुणारे छातीठोकपणे सांगतात. जुने स्टुडिओवाले याला निव्वळ आळस म्हणतात. मला दोघांचंही पटत नाही.

आळसाचा आरोप आधी घेऊ. परभणीजवळच्या पेडगावात भर दुपारी कापूस वेचणीचा फोटो काढून पाहा. काळी माती, पांढरीशुभ्र बोंडं, वेचणारीचा चेहरा पदराच्या सावलीत. दाट डेव्हलपरमध्ये दर मिनिटाला डबा हलवला, तर चेहरा उमटेपर्यंत निगेटिव्हवर बोंडं ठार काळी झालेली असतात. पातळ डेव्हलपर स्थिर ठेवला, की जास्त प्रकाश पडलेल्या जागी तो लवकर संपतो आणि बोंडं आवरतात. सावलीत तो शिल्लक असतो, काम करत राहतो. हा आळस कसला? मॉम्मे आंद्रेसेन यांनी रोडिनलचं पेटंट १८९१ साली घेतलं. म्हणजे हे नवं खूळही नाही. शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे टाकीचं पाणीच तापलेलं. त्यात दाट डेव्हलपरची वेळ दोन-चार मिनिटांवर येते आणि डेव्हलपिंग सारखं होत नाही.

पण ‘विसरून जा’ हे साफ चूक. डेव्हलपिंगमध्ये सुटणारं ब्रोमाइड जड असतं. डबा हललाच नाही तर ते फिल्मवरून खाली घसरतं, वाटेतलं डेव्हलपिंग रोखतं आणि मोकळ्या आभाळात उभे पट्टे उमटतात. हे ठाऊक असूनही पट्ट्यांना ‘लुक’ म्हणणारे वेड पांघरून पेडगावला जातात (म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, आमचं नव्हे). फिल्मचा स्पीड दुप्पट होतो, हीही थापच. जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे रात्रभर ठेवूनही फॉगच वाढणार. आणि तापमान जुळतं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डबा तासभर ठेवून थर्मामीटर घालून पाहावा.

तेव्हा डेव्हलपर पातळच करा, पण डब्याकडे लक्ष असू द्या. तो माठातल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा. पहिलं मिनिट हळू उलटापालटा करा, मग दर दहा मिनिटांनी दोनदा. हलवल्यावर पूर्ण तास लागत नाही; नेमका वेळ फुकट गेला तरी चालेल अशा रोलवर ठरवा. पाणी कितीही घाला, एका रोलमागे रोडिनल मात्र ५ मिलिलिटरच्या खाली नेऊ नका.