माध्यमिक शाळेचे ग्रंथालय : कपाटाची किल्ली कोणाकडे?

शाळेत ग्रंथालय आहे काय, या प्रश्नाला देशातील बहुतेक माध्यमिक शाळा ‘आहे’ असेच उत्तर देतील, आणि ते उत्तर खोटे ठरणार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दोन-तीन लोखंडी कपाटे असतात. दाखल नोंदवहीत पुस्तकांचे क्रमांक, किमती आणि खरेदीच्या तारखा व्यवस्थित लिहिलेल्या असतात. तपासणीच्या दिवशी ती नोंदवही टेबलावर येते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागते. तेव्हा पुस्तके आहेत की नाहीत, एवढे विचारून भागत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि आठवड्यातून किती वेळा ती कुलपात फिरते, हे विचारावे लागते.

सरकारी आकडेवारी या प्रश्नाला उत्तर देत नाही. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यू-डायस’च्या प्रसिद्ध तक्त्यांत ग्रंथालय, पुस्तकपेढी आणि वाचनकोपरा यांची गणना एकत्रच होते. हजारो ग्रंथांचे, बसून वाचण्याची सोय असलेले दालन आणि वर्गाच्या भिंतीला दोरीवर टांगलेल्या पंधरा पुस्तिका या दोहोंचे मोल त्या तक्त्यात सारखेच ठरते. अशा टक्केवारीच्या आधारे शासनकर्त्यांनी समाधान मानले, तरी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक पडले असे मुळीच सिद्ध होत नाही.

जुने निदान, तोच आजार

हे दुखणे नवे नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपला अहवाल दिला, तेव्हाच शालेय ग्रंथालयांची अवस्था स्पष्ट शब्दांत मांडली होती. पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेली, खोली अपुरी व उदासवाणी, आणि कारभार एखाद्या कारकुनाकडे किंवा पुस्तकांची गोडी नसलेल्या शिक्षकाकडे, असे ते चित्र होते. प्रशिक्षित ग्रंथपालाची आवश्यकताही आयोगाने सांगितली होती. त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणाला देण्याचे लक्ष्य पुढे ठेवले. ते लक्ष्य आजही गाठले गेलेले नाही. निदान झाले, औषधही लिहून दिले गेले. परंतु ते विकत घेण्याची सरकारची तयारी कधीच नव्हती.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने एक पाऊल निश्चितच पुढे टाकले. त्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि तेथे वृत्तपत्रे, मासिके, सर्व विषयांवरील पुस्तके व गोष्टींची पुस्तके मिळाली पाहिजेत. मात्र या तरतुदीत दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले असे की, हा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच लागू होतो. नववी-दहावीचा विद्यार्थी त्याच्या संरक्षणाबाहेर पडतो. दुसरे असे की, अनुसूचीत ग्रंथालय आहे, पण ग्रंथपाल नाही. दवाखाना बांधावा, औषधांची यादी करावी आणि डॉक्टर नेमण्याचे विसरून जावे, तसाच हा प्रकार आहे.

विद्यार्थ्याला काय मिळते?

नववीच्या उंबरठ्यावर श्रमिकांच्या मुलावर एकाच वेळी अनेक ओझी येऊन पडतात. महाराष्ट्रात आठवीपर्यंत मोफत मिळणारी पाठ्यपुस्तके येथून पुढे विकत घ्यावी लागतात. विषय कठीण होतात आणि शालान्त परीक्षेची टांगती तलवार दिसू लागते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्यासाठी शिकवणीचे वर्ग आहेत, गाईडे आहेत आणि शंका विचारता येईल असे शिकलेले आईबापही आहेत. ऊसतोड कामगाराच्या, शेतमजुराच्या किंवा चाळीतल्या एका खोलीत सहा माणसांबरोबर राहणाऱ्या कामगाराच्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते. त्याच्यासाठी शाळेचे ग्रंथालय ही चैन नाही. शिकण्याची जी साधने पैशाने विकत मिळतात, त्यांतील बरीचशी विनामूल्य पुरवणारी ती एकमेव जागा आहे.

पुस्तकपेढी हे या कामाचे पहिले आणि सर्वांत साधे अंग होय. दहावी उत्तीर्ण होणाऱ्याने आपला संच परत करावा व तो पुढच्या वर्षी गरजूला मिळावा, एवढीच त्यामागील कल्पना आहे. पण ही कल्पना आपोआप चालत नाही. संच गोळा करणे, फाटलेली पाने चिकटवणे, बदललेल्या अभ्यासक्रमाची पुस्तके वेगळी काढणे आणि जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात वाटप करणे, ही सर्व कामे करणारे माणूस लागते. दुसरे अंग जागेचे. शाळा सुटल्यानंतर दोन तास उघडे राहणारे, दिवा आणि बाक असलेले दालन हीच अनेक मुलांची पहिली अभ्यासिका ठरते.

तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. पाठ्यपुस्तक हा एकच आवाज असतो. त्यात एखाद्या दुष्काळाला, संपाला किंवा उठावाला चार ओळी मिळतात आणि त्या चार ओळी पाठ केल्या की गुण मिळतात. ग्रंथालयात त्याच घटनेवर दोन पुस्तके सापडली आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत असे मुलाच्या ध्यानात आले, की तेथून त्याच्या खऱ्या शिक्षणाला सुरुवात होते. ‘असे का?’ हा प्रश्न त्याला पडतो. छापलेले सर्व खरे मानणारा नागरिक आणि छापलेले पडताळून पाहणारा नागरिक यांतील फरक बहुधा याच वयात ठरतो. कुलूपबंद कपाटाचा सर्वांत मोठा तोटा हा आहे.

शिक्षकाचेही विद्यापीठ

ग्रंथालयाचा विचार केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीपुरता करणे चुकीचे ठरेल. ज्या शिक्षकाजवळ पाठ्यपुस्तकाखेरीज काही नाही, तो पाहता पाहता त्याचा केवळ वाचक बनतो. निवडणूक, जनगणना, निरनिराळी सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याची कामे यांतून उरलेल्या वेळात त्याने संदर्भ कोठून शोधावेत? तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षणसेवकाने स्वतःच्या खिशातून ग्रंथ घ्यावेत, अशी अपेक्षा करणे ही तर क्रूर थट्टा होय.

येथे ग्रंथपाल शिक्षकाचा सहकारी म्हणून उभा राहतो. पुढील महिन्यात विज्ञानाच्या शिक्षकाला कोणता घटक शिकवायचा आहे, हे त्याला ठाऊक असते. मराठी विश्वकोशाच्या कोणत्या खंडात त्यावरील नोंद आहे, कोणत्या मासिकात सोपा लेख आला आहे, हे तो काढून ठेवतो. वृत्तपत्रांतील कात्रणे विषयवार लावतो. चाळीस पुस्तकांची पेटी भरून थेट वर्गात पाठवतो. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीने दोन महिन्यांत बारा पुस्तके नेली, ही गोष्ट देवघेवीच्या नोंदीतून तोच प्रथम ओळखतो आणि वर्गशिक्षकाच्या कानावर घालतो. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला; बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. सार्वजनिक पैशातून, सोप्या मराठीत, मोठ्या कष्टाने निर्माण झालेली ही संपत्ती आहे. ती मुलांपर्यंत नेणारा दुवाच नसेल, तर त्या कष्टांचे चीज कसे व्हावे?

दोन प्रकारच्या शाळा, दोन प्रकारचे न्याय

सरकारला ग्रंथपालाचे महत्त्व कळत नाही, असे समजणे मात्र भोळेपणाचे ठरेल. १९६३ मध्ये सुरू झालेली केंद्रीय विद्यालये मुख्यतः बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत; त्यांत ग्रंथपालाचे पद आहे. १९८६ पासूनच्या नवोदय विद्यालयांतही ते आहे. ही सोय योग्यच आहे आणि त्या शाळांतील मुलांना ती मिळते याबद्दल कोणीही कुरकूर करण्याचे कारण नाही. परंतु जी गोष्ट त्या विद्यालयांत आवश्यक ठरते, ती जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित खेड्यातील हायस्कूलमध्ये अनावश्यक कशी होते, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.

महाराष्ट्रात ग्रंथपालाचे पद शाळेच्या पटसंख्येला जखडलेले आहे. पट मोठा असेल तर पूर्णवेळ, मध्यम असेल तर अर्धवेळ आणि लहान असेल तर कोणीच नाही. लहान पटाच्या शाळा कोठे असतात? डोंगराळ भागात, आदिवासी पाड्यांजवळ, दुष्काळी तालुक्यांत. म्हणजे ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नसण्याचा संभव सर्वाधिक, त्यांच्याच शाळेतून ग्रंथपाल हद्दपार होतो. अर्धवेळ ग्रंथपालाची कथाही निराळी नाही. त्याने अर्ध्या पगारावर आयुष्य काढावे आणि पूर्ण संसार चालवावा, अशी ही व्यवस्था आहे.

केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत, २०१८ पासून, शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. या रकमेत पुस्तके येऊ शकतात, माणूस येऊ शकत नाही. शिवाय पैसे वर्षअखेरीस हाती पडले, की शिक्षकांना न विचारता, दुकानदाराच्या मर्जीने गठ्ठे उचलले जाण्याचा धोका असतोच. अशी पुस्तके कपाट भरतात. वाचक मिळवत नाहीत.

हरवण्याची भीती आणि पडद्यावरचे ग्रंथालय

कुलपाच्या समर्थनार्थ नेहमी एक कारण पुढे केले जाते. पुस्तके हरवतात आणि भरपाई जबाबदार शिक्षकाला करावी लागते. ही भीती खरी आहे; तिची टिंगल करून चालणार नाही. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनीच मान्य केले आहे, की वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर एक हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसल्यास ते नुकसान वाजवी समजावे. जो न्याय केंद्रीय कार्यालयांच्या ग्रंथालयांना लावला जातो, तो प्रत्येक राज्याने शाळेतील शिक्षकालाही लावला पाहिजे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत पहिला मान पुस्तकाच्या वापराला आहे, राखणीला नाही. वापराने झिजलेले पुस्तक हा ग्रंथालयाचा तोटा मानणारी हिशेबपद्धतीच बदलली पाहिजे.

दुसरे कारण अलीकडचे आहे. आता सर्व काही फोनवर मिळते, मग कपाटे आणि ग्रंथपाल हवेत कशाला, असे विचारले जाते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालके व किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणाही झाली. नव्या साधनांना विरोध करण्याचे कारण नाही. त्यांचा उपयोग झालाच पाहिजे. परंतु २०२० च्या टाळेबंदीने जे दाखवून दिले ते विसरता येत नाही. घरात एकच फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणार, आणि तीन भावंडे त्याची वाट पाहणार, हा अनुभव लक्षावधी कुटुंबांनी घेतला. शिवाय माहितीच्या पुरात खरे-खोटे निवडायला शिकवणारे माणूस पूर्वीपेक्षा आज अधिक हवे आहे.

अनुभव आपल्याच देशातला

हे सर्व आपल्याला परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये ग्रंथालयांची यंत्रणा उभारण्यासाठी अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून घेतले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे तेव्हा ओळखले गेले होते. त्रावणकोरात पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये ग्रंथशाळा संघम् स्थापन झाला आणि पुढे त्यातून केरळची व्यापक ग्रंथालय चळवळ वाढली. पहिले काम एका राजाच्या इच्छेने झाले, दुसरे लोकांच्या संघटनेने. राजे गेले, संघटनेचा मार्ग मोकळा आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. बेळगाव, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत बाजाराची व कचेरीची भाषा वेगळी असते. तेथील मुलाला शाळेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तक मिळाले नाही, तर ते बहुधा कोठेच मिळत नाही. मॉस्कोत छापलेली आणि लोकवाङ्मय गृहाने पोहोचवलेली स्वस्त मराठी पुस्तके ज्या पिढीच्या हाती एके काळी पडली, तिला चांगले पुस्तक अल्प किमतीत मिळण्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. तो ओघ १९९१ नंतर आटला. त्याची जागा सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि शाळांनी भरून काढायला हवी होती.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. प्रत्येक माध्यमिक शाळेला, पटसंख्येची अट न लावता, ग्रंथपाल. लहान शाळा जवळजवळ असतील तेथे निदान दोन-तीन शाळांमिळून एक पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा. अर्धवेळ ग्रंथपालांचे पूर्णवेळ पदांत रूपांतर. पुस्तकनिवडीत शिक्षक व विद्यार्थी यांचा अधिकार. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास, आणि तो दुसऱ्या विषयाला न देण्याचे बंधन. हरवलेल्या पुस्तकांबाबत वाजवी सूट.

या मागण्या शिक्षक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन मांडल्या, तरच त्यांना बळ येईल. आदेश निघेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पालकांच्या पुढच्या सभेत एखाद्या कामगाराने किंवा शेतमजूर बाईने उठून एवढेच विचारावे, की कपाट कोणत्या वारी उघडते आणि माझ्या मुलीने यंदा कोणते पुस्तक घरी आणले? या प्रश्नाला शाळेला नीट उत्तर द्यावे लागले, की कुलूप उघडायला सुरुवात होईल.