गोराईला पूल हवा, पण कोणाच्या गाडीसाठी?

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांचा एक ठरलेला वैताग आहे. बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. होडी काही मिनिटांत पलीकडे सोडते, पण गाडी न्यायची तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा भला मोठा वळसा! मग सोमवारी कँटीनमध्ये सुरू : "खाडीवर पूल टाका, रस्ता चौपदरी करा, बघा टुरिझम कसा वाढतो ते!"

काय वाढतो, डोंबल? आधी एक अख्खा दिवस काढून भाईंदर ते मनोरी हा दुपदरी रस्ता नीट बघा, मग बोलू.

भाईंदर पश्चिमेहून निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं आणि मिठागरं लागतात. डोंगरीहून आत चौकला गेलात तर धारावीचा किल्ला. सायनजवळची धारावी नव्हे हो, हे सगळं बेटच धारावी बेट! १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज इथे झुंजले. समोर खाडीपलीकडे वसई. उत्तनला बांबूंवर ओळीनं बोंबील सुकत असतात, रस्त्याकडेला क्रूस दिसतात आणि चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होते. पुढे पॅगोडा, २००९ सालचा. दगडात दगड अडकवून उभारलेला एवढा प्रचंड घुमट, खाली आठ हजार माणसं बसतील आणि मध्ये एकही खांब नाही. इंजिनिअर म्हणवणाऱ्यानं निदान तेवढ्यासाठी तरी थांबावं. पण आपण पार्किंगमध्ये फोटो काढतो आणि बीचवर पळतो.

आता एस्सेलवर्ल्ड. १९८९ ला सुरू झालं, आपल्या सगळ्यांच्या शाळेच्या सहली तिथेच गेल्या. २०२२ मध्ये ते बंद झालं. गेट, तिकीट, जाहिरात, सगळं होतं. तरी टिकलं नाही. बोंबील मात्र त्याच्या आधीही सुकत होते, आजही सुकतायत. म्हणजे या रस्त्यावरचं खरं "आकर्षण" कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि एक आकर्षण कुठल्याच यादीत नसतं. उत्तनजवळचा धावगी डोंगर. मीरा-भाईंदर शहराचा कचरा तिथे जातो. त्या कचऱ्याला वारंवार आगी लागतात, धूर गावात शिरतो आणि गावकरी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरतात. शहरातून या बाजूला येणारं ट्रॅफिक म्हणजे काय : आठवडाभर कचऱ्याचे ट्रक, वीकेंडला आपण. चौपदरी रस्ता झाला तर दोन्ही वाढणार, एवढंच.

"मग काय, गावं तशीच मागास ठेवायची? तुला फोटोपुरतं गाव हवंय!" असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. होड्या रात्री थांबतात. पेशंटला मध्यरात्री बोरिवलीला न्यायचं तर तोच वळसा. मासळी घेऊन बाजारात निघालेल्या कोळणीला आणि कॉलेजच्या पोरांना रोजची दगदग. पूल मागायचा हक्क त्यांचा आहे, आणि तो हवाच. पण त्यावरून आधी अँब्युलन्स आणि बस जाऊ दे. रविवारच्या गाड्यांचा नंबर सगळ्यात शेवटी!

आपल्या धंद्यातला साधा नियम आहे : रिक्वायरमेंट युजरला विचारून लिहायची. इथे युजर म्हणजे रोज त्या रस्त्यानं जाणारा माणूस. वर्षातून दोनदा पापलेट खायला येणारे तुम्ही-आम्ही नव्हे. आपल्याला वळसा घालून जास्तीचा तासभर गेला तर काय बिघडतं? त्या तासातच मिठागरं दिसतात, किल्ला दिसतो आणि काच खाली केली तर धावगीचा वासही येतो.

तेवढाही वेळ नसेल तर सरळ गोराई जेट्टीवर गाडी लावा आणि होडीत बसा. पुलाची वाट कशाला बघताय?